तीन-दोनचं पान

"बाई, तुम्ही शिकवलं होतं अगदी तसंच केलं मी," नसीम म्हणाली, "आणि अब्बांना होतं तेवढंही ऐकू येईनासं झालं."

मंगळवारची दुपार होती. मी चिंचा फोडत बसले होते. एवढं दारातच उभं राहून बोलली आणि चपला न काढताच ती आत आली. नसीम शिकलगार असं कधी करत नाही. चौतीस वर्षांची आहे, मिरजेच्या बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं बसवते, ड्रायव्हर लोक तिला वचकून असतात. पण त्या दुपारी तिचा चेहरा दहा वर्षांच्या नसीमचा होता. संगणकाचा पडदा अडकला की ती अशीच माझ्याकडे बघायची.

मी तिला पाणी दिलं. तिने पिशवीतून चार घड्या घातलेला एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो लगेच उचलला नाही. हात चिंचेचे होते, आणि मला भीती वाटली होती.

नसीम माझी जुनी विद्यार्थिनी. चोवीस वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिरजेत घरी बसून करायचे. माझं काम माहितीपानं लिहिण्याचं. एखादं यंत्र तयार झालं की ते कसं चालवायचं, कुठला आकडा कुठे द्यायचा, काय केलं तर बिघडेल, हे प्रोग्रॅमर लोकांना कळेल असं लिहून ठेवायचं. आणि दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर मी मुलांचा वर्ग घ्यायचे. सात जुने संगणक, सतरा मुलं. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ.

"बाई, ती रेघ काय म्हणते?" मुलं विचारायची.

"ती म्हणते, सांगा, काय करू?"

एवढ्यावर मुलं खूश असत. घरात त्यांचं कोणी ऐकत नसे, आणि इथे एक रेघ त्यांच्या हुकमाची वाट बघत उभी असे.

पहिला हुकूम मी शिकवायचे तो 'पान आण'. मराठी प्रोग्रॅमरांच्या एका टोळक्याने हौसेने बनवलेलं ते साधन होतं. दूरच्या एका कोठारात माहितीपानं ठेवलेली असत. माणसांनी लिहिलेली, माणसांनी तपासलेली, एकदा ठेवली की न बदलणारी. 'पान आण' लिहून पुढे विषयाचं नाव द्यायचं, की ते पान जसंच्या तसं काळ्या पडद्यावर यायचं. वर्गात पहिल्यांदा हे दाखवलं त्या दिवशी मागच्या बाकावरून नसीमने विचारलं होतं, "बाई, चुना लावून आणू का साधं?" दहा मिनिटं वर्ग ताब्यात नव्हता. नंतर कितीतरी रविवार मुलं 'पान आण मसाला' असं टंकून बघायची आणि 'असं पान नाही' असं उत्तर आलं की पोट धरून हसायची.

आता पान कोणी आणत नाही. घरोघरी मदतनीस आहे. त्याला विचारलं की तो तिथल्या तिथे पान लिहून देतो. विचारणारा लहान असेल तर सोपं करून, इंजिनिअर असेल तर आकड्यांसकट. याला जिवंत पान म्हणतात. मदतनिसाने जगातलं सगळं लिखाण वाचलेलं असतं, पण ते त्याच्याजवळ पानापानांनी रचून ठेवलेलं नसतं. मी मुलांना आमटीचं उदाहरण देते. आमटीत गूळ असतो, चिंच असते, मीठ असतं. चव घेऊन सांगता येतं की गूळ आहे. पण त्यातला गुळाचा खडा काढून दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही, तो विरघळला. मदतनीस चव सांगतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कधीतरी मात्र खडाच लागतो.

नसीमच्या अब्बांच्या बाबतीत खडाच लागत होता.

दिलावरभाई सतारी बनवतात. बनवायचे, असं त्या दुपारी म्हणावं लागत होतं. सतारीचा भोपळा, दांडी, खुंट्या हे सगळं कुशल हाताचं काम आहे, पण सतार बोलते ती जवारीमुळे. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिला नुसती चाटून गेली पाहिजे. केसाएवढं जास्त घासलं की तार झणझणते, कमी घासलं की मुकी राहते. याला माप नाही. घासायचं, छेडायचं, ऐकायचं. चाळीस वर्षं लांबलांबचे वादक दिलावरभाईंकडून जवारी काढून घ्यायला येत. मग एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले.

तेव्हा माझी पुण्याची कंपनी कानात बसवायचं यंत्र बनवत असे. ते बसवा, असं मीच सुचवलं होतं. यंत्राचे दोन भाग. एक कानामागे अडकवायचा: तो आवाज घेतो, त्याचे जाडे-बारीक सूर वेगळे करतो. दुसरा शस्त्रक्रियेने कवटीत बसवलेला. त्यातून एक तंतू कानाच्या शंखात जातो, तंतूवर एकशेवीस बारीक टोकं असतात. जाड सुराला एक टोक, बारीक सुराला दुसरं. प्रत्येक टोक आपापल्या जागी नसेला विजेची हलकीशी टिचकी मारतं आणि मेंदू म्हणतो, ऐकलं. माणसाचं बोलणं कळायला एवढं खूप होतं. दिलावरभाईंना नसीमचं बोलणं कळू लागलं, बाजारात भाव करता येऊ लागला. पण सतार त्यांना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी ऐकू यायची. बारा वर्षं ते जवारीचं काम सोडून बाकीचं करत राहिले.

"आणि चार महिन्यांपूर्वी कारखान्यात जायचेच थांबले," नसीम सांगत होती. "म्हणाले, भोपळे तासायला सुतारसुद्धा चालतोय. दिवसभर खिडकीत बसतात, बाई. मी बोलले तर उत्तर देतात. आपणहून एक शब्द नाही."

त्यातच कानामागचा जुना भाग बिघडला. कंपनी केव्हाच बंद झालेली, पण यंत्राचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलेलं होतं. कर्णिका त्याचं नाव. नवा भाग बाजारात मिळाला, चांगलाच ताकदवान. त्यात संगीतासाठी वेगळी मांडणी करता येते असं नसीमने वाचलं. शरीरातल्या यंत्रावर ज्याचं शरीर त्याचा हक्क, हा कायदा झाल्यापासून घरच्या घरी असे बदल लोक करतात. नसीमने मदतनिसाला विचारलं. त्याने छान उत्तर दिलं. तिने संध्याकाळी पुन्हा विचारलं, तेव्हाही छान उत्तर आलं, पण आकडा निराळा. तिसऱ्यांदा तिसरा आकडा.

"मग मला वर्ग आठवला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, ऐकीव सांगू नका, पान आणा. जुना संगणक काढला. साधन अजून चालतंय, बाई! 'पान आण कर्णिका.' आलं. खाली तपासणाऱ्या माणसाचं नावसुद्धा होतं. त्यात बारीक सुरांच्या टोकांसाठी अठ्ठावीस लिहिलं होतं. मी अठ्ठावीस दिले."

"मग?"

"अब्बा ओरडले. कानामागचा डबा उपटून फेकून दिला. यंत्राने आपोआप सगळी टोकं बंद करून घेतली. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, नस वाचली आहे असं वाटतं, आठ दिवस काहीही लावू नका. पुन्हा असा झटका बसला तर मात्र खात्री नाही." ती थांबली. "माझं बोलणंही गेलं तर त्यांच्याकडे काय राहील?"

मी हात धुऊन आले आणि कागद उघडला. पान खरं होतं. तपासलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: आवृत्ती पाच.

"नसीम, अब्बांच्या डोक्यात जो तुकडा आहे, तो कितवी आवृत्ती?"

"तो बारा वर्षांपूर्वीचा. तीन-दोन असेल." मग तिने कागदाचा कोपरा पुन्हा बघितला.

तिला समजलं होतं, पण मी समजावून सांगितलं, सवय आहे. तिसऱ्या आवृत्तीत वीज वाढवायच्या चाळीस पायऱ्या होत्या. पाचव्यात प्रत्येक पायरीचे दहा बारीक भाग केले, म्हणजे चारशे पायऱ्या झाल्या. पाचवीतली अठ्ठाविसावी पायरी म्हणजे जेमतेम जमिनीवरून पाऊल उचललेलं. तिसरीतली अठ्ठाविसावी म्हणजे गच्चीच्या जवळ. बाहेरचा भाग बदलता येतो, डोक्यातला बदलत नाही. त्याला जुनाच हिशोब कळतो.

"मी आवृत्ती बघितलीच नाही," ती म्हणाली. "एवढी कशी मी…"

"तू बघितली नाहीस कारण मी ती बघायला शिकवलं नाही."

हे वाक्य बोलायला मला जड गेलं, पण ते खरं होतं. पुरा हुकूम असा आहे: पान आण, मग नाव, मग आवृत्तीचा आकडा. आकडा दिला नाही तर साधन आपलं सगळ्यात नवीन पान आणतं. माडीवरच्या त्या मुलांची बोटं लहान होती, आकड्यामधलं टिंब हमखास चुकायचं, चुकलं की हुकूम अडायचा आणि रडारड व्हायची. म्हणून मी आकडा गाळला. आत्ता नाव पुरे, आवृत्ती पुढच्या वर्षी शिकवू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी नवी मुलं आली. त्यांचीही बोटं लहानच होती.

नसीमने कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "एक टिंब, बाई. ते शिकायला आम्हाला असा किती वेळ लागला असता?"

मी उठून माझा संगणक चालू केला.

थोड्या वेळाने आम्ही दोघी माझ्या संगणकासमोर बसलो. तिने टंकलं, या वेळी पूर्ण: पान आण कर्णिका ३.२. काळ्या पडद्यावर उत्तर आलं.

'हे पान जुन्या फितीवर आहे. फीत कोणीतरी हाताने चढवावी लागते. पाच-सहा दिवस लागतील. थांबाल का?'

नसीमच्या ओठांवर किंचित हसू आलं. "बघा, विचारतंय," ती म्हणाली आणि 'हो' टंकलं.

दुसऱ्या दिवशी मी दिलावरभाईंना भेटायला गेले. डबा काढून ठेवलेला असल्याने त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्याने ते सगळी गल्ली ऐकेल असं बोलत होते.

"या बाई! तुमच्या पोरीनं माझ्या डोक्यात खिळा ठोकला बघा!"

नसीम लाजून आत गेली. मी पाटीवर लिहिलं, 'पोरीची चूक नाही. माझी आहे.' आणि खाली सगळी हकीकत लिहिली. दोनदा पाटी पुसावी लागली. त्यांनी सावकाश वाचलं.

"म्हणजे तुमीबी माझ्यासारख्याच की," ते म्हणाले. "मी नव्या पोरांना कधी पुरतं शिकवलं न्हाई. जवारी पुढल्या वर्षी, म्हणायचो. पोरं गेली निघून पुण्याला."

रविवारी वर्गाला मुलं आली. आता वर्ग माझ्या घरीच भरतो आणि चारच मुलं असतात. आईबापांना काळ्या पडद्याची गंमत वाटते म्हणून पाठवतात. मी त्यांना सांगितलं की मागचे दोन महिने मी तुम्हाला अर्धा हुकूम शिकवला आहे, आज पुरा शिकू. नऊ वर्षांच्या सईला हे पटलं नाही.

"पण नवीन पानच चांगलं असणार ना, बाई?"

"नवीन पान नव्या यंत्रासाठी चांगलं. जुन्याला त्याचं स्वतःचं पान लागतं. तुझ्या ताईचा फ्रॉक तुझ्या फ्रॉकपेक्षा नवा आहे. तुला बसेल का?"

तिने विचार केला. "मग तुम्ही ज्यांना आधी शिकवलं त्या मुलांचं काय?"

मी म्हटलं, "त्यांना सांगायला हवं." त्या आठवड्यात मी पत्ते शोधून एकसष्ट जुन्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवले. काहींना मी आठवत नव्हते. एकाने उत्तर दिलं, 'बाई, पान म्हणजे काय?'

पान सोमवारी सकाळी आलं. नसीम कामावर जायच्या आधी माझ्याकडे धावत आली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि तिसऱ्या ओळीला मला ओळख पटली. वाक्यं माझी होती. मीच ते पान लिहिलं होतं, आणि साफ विसरले होते. तेरा वर्षांपूर्वीच्या मला आताची मी वाचत होते. तेव्हा मी स्वल्पविराम जास्त द्यायचे.

सगळं होतं. एकूण पायऱ्या चाळीस. बारीक सुरांच्या टोकांना बाराच्या वर कधीही जाऊ नये. दर वेळी एकच पायरी, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. आणि शेवटी: 'या मर्यादा बोलणं ऐकण्यासाठी तपासल्या आहेत. वाद्याच्या तारेचा आवाज कितव्या पायरीला नीट ऐकू येईल, हे आम्हाला माहीत नाही. तपासलेलं नाही.'

ते वाक्य वाचलं आणि मला ओकसाहेब आठवले, आमचे त्या वेळचे व्यवस्थापक. "अहो, 'माहीत नाही' असं कोणी छापतं का?" ते म्हणाले होते. "गिऱ्हाईक पळेल. काढून टाका." इंग्रजी पानातून ते वाक्य गेलं. मराठी पान ओकसाहेबांनी उघडूनच बघितलं नाही, म्हणून तिथे ते राहिलं. या यंत्राबद्दल मदतनिसांनी वाचलं ते इंग्रजी पान; मराठी पान फितीवर पडून राहिलेलं. जिथे माणसाने 'माहीत नाही' लिहिलेलं नव्हतं, तिथे त्यांनी आजूबाजूच्या माहितीतून भर घालून तीन सुंदर आकडे दिले.

नसीमचा मात्र चेहरा उतरला. "म्हणजे शेवटी उत्तर नाहीच?"

"बारा ही हद्द आहे. हद्दीच्या आत काय आहे ते कोणी बघितलेलं नाही."

"मग राहू दे, बाई. बोलण्याची मांडणी जुन्या आकड्यांनी परत लावू आणि हे इथेच थांबवू. मला ते ओरडणं पुन्हा ऐकायचं नाही."

मला तिचं म्हणणं पटलं होतं. पण कान तिचे नव्हते, माझेही नव्हते. आम्ही पान छापून घेऊन दिलावरभाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे कुणी लिवलं?"

मी स्वतःकडे बोट केलं.

"ब्येस लिवलंय." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "मग हे तपासायचं कुणी? डॉक्टरला जवारी कळती व्हय?"

नसीमने पाटी ओढून घाईघाईने लिहिलं, 'अब्बा, नको. पुन्हा झटका बसला तर माझं बोलणंही ऐकू येणार नाही.'

त्यांनी ते वाचलं आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बेटी, चाळीस वर्सं मी काय केलं? जरा घास, ऐक, थांब. माझ्या हातनं एक घोडी वाया गेली न्हाई. बारा म्हणजे बारा. तिच्या अलीकडं कुठं थांबायचं ते मला कळंल."

मंगळवारी डॉक्टरांनी कान तपासून परवानगी दिली. बुधवारी नसीमने रजा टाकली. आम्ही तिघं कारखान्यात बसलो. चार महिन्यांची धूळ होती. दिलावरभाईंनी आधी ती झटकली, मग गवसणीतून एक सतार काढली, तारा लागलेली पण घोडी कोरी. नसीमसमोर काळा पडदा. माझ्यासमोर पान आणि घड्याळ. बोलण्याची मांडणी तशीच ठेवून दुसरी मांडणी आम्ही वेगळी उघडली, म्हणजे काही बिघडलं तर परत येता येईल. डब्यावरच्या बटणाने दोन्हींत ये-जा करता येते.

"तीन," नसीम म्हणाली. तिचं बोट हललं, आणि ती अब्बांच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यांनी तार छेडली. "डब्यात खडे."

दहा मिनिटं. चार. "खडेच." दहा मिनिटं. चहा आला. पाच, सहा. सहाला त्यांनी डोकं कलतं केलं. सातला पुन्हा छेडली, आणि पुन्हा. मी नसीमच्या पाठीवर हात ठेवला. ती रडारडीच्या वयातली सवय होती, तिलाही आणि मलाही.

आठला ते म्हणाले, "आली... गेली."

नऊ. त्यांनी तार छेडली आणि ती पुरती विरेपर्यंत हललेच नाहीत. मग उजव्या हाताने न बघता कानस शोधली, घोडीच्या माथ्यावरून दोनदा फिरवली, फुंकर मारली, छेडली. मलासुद्धा फरक कळला. आधी तार नुसती वाजत होती, आता तिच्या मागे एक बारीक गुणगुण उरत होती.

"दहा करू का, अब्बा?" नसीमने विचारलं. "अजून तीन पायऱ्या आहेत."

"काय?"

"दहा करू का?"

त्यांनी तिच्याकडे गोंधळून बघितलं. "काय म्हणतीस? भांडी पडल्यागत वाटतंय तुझं बोलणं."

नसीमचा हात पडद्यावरून खाली आला. आम्हा दोघींना एकदमच समजलं. तारेची गुणगुण पकडायला ज्या टोकांना आपण वर उचललं, ती बोलण्याच्या टोकांवर चढली होती. मी पाटीवर लिहिलं ते सगळं: दोन्ही एकदम मिळणार नाही; बटण इकडे केलं तर सतार, तिकडे केलं तर माणसं; दहा केली तर काय, ते माहीत नाही.

दिलावरभाईंनी वाचलं. "नऊला थांबा," ते म्हणाले. "दहाला झणझणंल. मला कळतंय." मग बटण दाबून त्यांनी मांडणी बदलली आणि नसीमला विचारलं, "आता बोल. कळतंय. काय म्हणत होतीस?"

"काही नाही, अब्बा."

"रडतीस कशाला मग?"

त्या संध्याकाळी मी कितीतरी वर्षांनी माहितीपान लिहिलं. आवृत्ती ३.२, पुरवणी. तारवाद्यासाठी पायरी नऊ. या मांडणीत बोलणं कळत नाही. दोन मांडण्या वेगळ्या ठेवाव्यात. एकाच माणसावर तपासलेलं आहे. दिलावरभाई शेजारी बसून मी लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावत होते. "आणि कुठं थांबायचं ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नऊ लिहिलंय की. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या डोक्यात आठ असंल, धा असंल. आकडा त्याचा न्हवं, माझा. असं लिवा: तार संपल्यावरबी जरा वेळ मागं काहीतरी ऱ्हायलं, की थांबायचं." माहितीपानात असं वाक्य बसत नाही, हे मी त्यांना सांगणार होते. पण ते बसत होतं. मी लिहिलं आणि कोठाराकडे पाठवून दिलं.

परवा, साधारण दोन महिन्यांनी, दुपारी त्या बाजूला गेले होते तेव्हा कारखान्यात डोकावले. दिलावरभाई दाराकडे पाठ करून घोडीवर वाकले होते. एका कोपऱ्यात स्टुलावर नसीम बसली होती, पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन. जेवणाच्या सुटीत आगारातून आली होती. मला बघून तिने सरकून जागा करून दिली.

"हाक मारली का?" मी हळूच विचारलं, आणि मग हळू बोलायची काही गरज नाही हे लक्षात आलं.

"सकाळी दहा ते दुपारी एक बटण सतारीकडे. तेव्हा ते माझे नाहीत," नसीम म्हणाली. "पूर्वी पण असंच होतं, बाई. शाळेतून यायची, अब्बा अब्बा करून घसा बसायचा, ढिम्म. तेव्हा राग यायचा की कान असून ऐकत नाहीत." तिने डब्याची कडी उगाच उघडली, लावली. "खांद्याला हात लावला तर बघतील. पण मग हातातली तार सुटते."

आम्ही बसून राहिलो. ते घासत होते, छेडत होते, थांबत होते. नसीमची सुटी संपत आली असावी. तिने दोनदा घड्याळ बघितलं, पण उठली नाही. अखेर दिलावरभाईंनी कानस खाली ठेवली, बोट कानामागे नेऊन बटण दाबलं आणि वळून बघितलं.

"अरे! कवा आलीस?"

"आत्ताच," नसीम म्हणाली आणि डबा उघडला.